४१ सामने जिंकून बाहेर, ३९ जिंकून आत: आईस हॉकीच्या एका रात्रीचा गुणतक्ता

१६ एप्रिल २०२४, मंगळवारची रात्र. फिलाडेल्फियाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, शेवटच्या, तिसऱ्या सत्राची तीनेक मिनिटं उरली होती. फलकावर १-१. यजमानांचा गोलरक्षक अचानक जाळी सोडून बर्फावरून आपल्या बाकाकडे निघाला, त्याच्या जागी एक चढाईपटू कठड्यावरून आत उतरला. मागे चार फूट उंच, सहा फूट रुंद जाळी मोकळी.

मी फिलाडेल्फियापासून तासाभरावर राहतो. पुण्याहून आलेला माझा मामेभाऊ शेजारी बसून आयुष्यातला पहिला हॉकी सामना बघत होता. तो ताडकन म्हणाला, "अरे, हरतायत कुठे हे? बरोबरी आहे ना? मग गोलकीपर कशाला काढला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवतो, हे हॉकीत रोजचं आहे. पण बरोबरी असताना सहसा कोणी असं करत नाही. त्या रात्री हे का करावं लागलं, याचं उत्तर बर्फावर कुठेच नव्हतं. ते गुणतक्त्यात होतं. हे प्रकरण त्यासाठीच मांडतो आहे. प्रशिक्षक आणि खेळाडू यांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण मुद्दा माणसांचा नाही. संघ, तारखा आणि आकडे जाहीर आहेत आणि त्यांच्याशिवाय हिशेब मांडताच येणार नाही.

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळत असे. ३२ संघांपैकी १६ प्लेऑफला जातात. सामना जिंकला की दोन गुण. ६० मिनिटांत हरलात तर शून्य. पण ६० मिनिटं बरोबरीत संपली आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकावर केलेल्या चढाया) हरलात, तर एक गुण. म्हणजे ६० मिनिटांत निकाल लागलेल्या सामन्यातून दोघांत मिळून दोन गुण वाटले जातात आणि लांबलेल्या सामन्यातून तीन. हा तिसरा गुण कोणाच्या खिशातून येत नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि बरोबरी टिकलेली असली की तो तयार होतो.

हे एका दिवसात ठरलं नाही. लीगमध्ये सुरुवातीच्या काळात साखळी सामन्यांनाही जादा वेळ होती. १९४२ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली, कारण युद्धकाळात रेल्वेची वेळापत्रकं कडक होती आणि संघांना रात्रीची गाडी गाठायची असे. त्यानंतर चार दशकं बरोबरी म्हणजे बरोबरी, दोघांना एकेक गुण. १९८३-८४ मध्ये पाच मिनिटांची जादा वेळ परत आली. पहिला गोल झाला की खेळ खलास. पण त्यात हरणाऱ्याला काहीच मिळत नव्हतं, म्हणून दोन्ही संघ हातातला एक गुण जपत ती पाच मिनिटं काढू लागले. यावर १९९९-२००० मध्ये उपाय निघाला: तो एक गुण आधीच दोघांच्या पदरात टाकायचा, एकेक खेळाडू कमी करून चारास चार खेळवायचं, आणि वरच्या एका गुणासाठी बिनधास्त झुंजू द्यायचं. हरूनही गुण मिळण्याची रीत तिथून सुरू झाली. मालक-खेळाडू वादात २००४-०५ चा मोसम अख्खा रद्द झाला. २००५-०६ मध्ये शूटआउट आलं आणि बरोबरीचा रकानाच तक्त्यातून गेला. २०१५-१६ पासून जादा वेळ तिनास तीन.

यात एक गाठ मारली गेली आहे, आणि ती या प्रकरणात मोलाची आहे. गुण समान झाले तर वरचा कोण, हे ठरवताना २०१०-११ पासून शूटआउटमधले विजय वगळले जाऊ लागले आणि २०१९-२० पासून पहिला निकष ठरला तो फक्त ६० मिनिटांत मिळवलेल्या विजयांचा. म्हणजे गुणांच्या रकान्यात शूटआउटचा विजय आणि ६० मिनिटांतला विजय सारखेच, दोन-दोन. पण गुण सारखे झाले की मात्र पहिल्या निकषात शूटआउटच्या विजयाला काही किंमत नाही. एकाच विजयाची दोन रकान्यांत दोन मोलं.

हरणाऱ्यालाही गुण, ही कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. प्रो कबड्डीत बरीच वर्षं सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलेल्या संघाला एक गुण मिळत असे. पण तिथे जिंकणाऱ्याला पाच मिळायचे. पाचास एक आणि दोनास एक, यांत फार अंतर आहे. हॉकीत हरण्याचा गुण जिंकण्याच्या निम्म्या किमतीचा आहे, आणि चार-पाच सामन्यांमागे एक सामना जादा वेळेत जातो.

पेच

पूर्व विभागातली प्लेऑफची शेवटची एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी चार संघ. प्रत्येकाचे ८१ सामने झालेले, एक बाकी. मंगळवारी संध्याकाळी तक्ता असा होता (विजय, ६० मिनिटांतले पराभव, त्यानंतरचे पराभव, गुण):

वॉशिंग्टन: ३९, ३१, ११ — ८९
डेट्रॉइट: ४०, ३२, ९ — ८९
पिट्सबर्ग: ३८, ३१, १२ — ८८
फिलाडेल्फिया: ३८, ३२, ११ — ८७

वॉशिंग्टन फिलाडेल्फियात खेळणार होतं, डेट्रॉइट मॉन्ट्रियालमध्ये. दोन्ही सामने त्याच संध्याकाळी. पिट्सबर्गचा सामना बुधवारी न्यूयॉर्क आयलंडर्सशी.

वॉशिंग्टनचं गणित सरळ होतं. कसंही जिंका, ९१ व्हा, आत जा. डेट्रॉइटही जास्तीत जास्त ९१ लाच पोचणार आणि ६० मिनिटांतल्या विजयांत वॉशिंग्टन ३१, डेट्रॉइट २७. तो निकष डेट्रॉइटला त्या रात्री काही केल्या भरून काढता येणार नव्हता. म्हणून डेट्रॉइटला वॉशिंग्टनपेक्षा निदान एक गुण जास्त हवा होता. खात्रीची वाट एकच: स्वतः जिंकायचं आणि वॉशिंग्टनने हरायचं. वॉशिंग्टन जादा वेळेत हरलं तरी चाललं असतं, कारण ९० आणि ९१.

फिलाडेल्फियाचं गणित सगळ्यांत अवघड. ६० मिनिटांत जिंकले तर ८९, आणि वॉशिंग्टन ८९ वरच थांबणार. पण सामना जादा वेळेत गेला, तर वॉशिंग्टनच्या खात्यात हरूनही एक गुण जमा होऊन ते ९० वर जाणार आणि फिलाडेल्फिया जिंकूनही ८९ वर अडकणार. त्यांच्यासाठी ६० व्या मिनिटाची बरोबरी म्हणजे थेट पराभव होता. शिवाय डेट्रॉइटनेही ६० मिनिटांत हरायला हवं होतं, कारण त्यांना एक गुण मिळाला तरी ते ९० वर. आणि पिट्सबर्गनेही बुधवारी घसरायला हवं होतं.

मामेभावाला मी एवढंच सांगितलं, "यांना बरोबरी चालत नाही. बरोबरी झाली की समोरच्याला एक गुण मिळतो आणि हे बाहेर." तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे यांच्यासाठी हे १-१ म्हणजे ०-१ च आहे." इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

समोरचे पर्याय

तिसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात यजमानांच्या बाकासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, पाचास पाच खेळत राहायचं आणि शेवटपर्यंत गोलची वाट बघायची. जाळी सुरक्षित राहते, पण समोरचा संघ बरोबरीवर खूश आहे. त्याला ६० वं मिनिट गाठलं की किमान एक गुण पक्का. असा संघ मध्यरेषेवर चौघांची भिंत उभी करतो, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कोपऱ्यात ढकलतो, घड्याळ खातो. आपल्याला एका गोलची निकड आणि समोरच्याला काहीच नको, अशी ती शेवटची मिनिटं असतात.

दुसरी वाट, गोलरक्षक लवकर काढायचा. एकदा "जिंकलं तरच जगलो" अशी स्थिती आली, की एक गोल खाल्ला काय आणि बरोबरी झाली काय, दोन्हींची किंमत तीच. मग सहावा चढाईपटू जितका जास्त वेळ मिळेल तितकं बरं. तीन मिनिटं ही त्या दृष्टीने उतावळी नाहीत, गणिताला धरूनच आहेत.

तिसरी वाट कमी बोलली जाते, पण माझ्या मते ती या प्रकरणाच्या मध्यावर आहे: मॉन्ट्रियालकडे कान लावायचा. कारण दुसरी वाट शहाणपणाची ठरते ती फक्त एका अटीवर, की डेट्रॉइट ६० मिनिटांत हरतं आहे. ती अट तुटली की गोलरक्षक काढण्याला काही अर्थच उरत नाही. मॉन्ट्रियालचा सामनाही तेव्हा शेवटच्या क्षणांत होता आणि डेट्रॉइट एका गोलने मागे होतं. म्हणजे ती बातमी तासाभराने नव्हे, पुढच्या काही क्षणांत येणार होती.

काय केलं गेलं, काय घडलं

यजमानांनी दुसरी वाट धरली. गोलरक्षक बाहेर आला. थोड्याच वेळात पक वॉशिंग्टनच्या एका खेळाडूच्या स्टिकवर आला आणि तो लांबून मोकळ्या जाळीत गेला. अशा गोलला आवाज नसतो. पक बर्फावरून घरंगळत जातो, मागे धावणारा बचावपटू शेवटच्या हातभर अंतरात स्टिक टाकून बघतो आणि मग धावायचं सोडून देतो. २-१. तोच शेवटचा फलक.

मॉन्ट्रियालमध्ये डेट्रॉइटने ६० मिनिटं संपायला ३.३ सेकंद असताना बरोबरीचा गोल केला होता. तो पक आत गेला त्या क्षणी डेट्रॉइटचा एक गुण पक्का झाला, ते ९० वर गेले आणि फिलाडेल्फियाचा मोसम संपला. तो गोल आणि फिलाडेल्फियातली मोकळी जाळी यांत अंतर होतं ते जेमतेम क्षणांचं. ज्या आशेसाठी गोलरक्षक काढला, ती आशा दुसऱ्या शहरात विझली होती.

डेट्रॉइटने पुढे शूटआउट जिंकलं, ५-४. गंमत नाही, दुःखच आहे: आदल्या रात्रीही त्यांनी याच मॉन्ट्रियालला ५-४ नेच हरवलं होतं, तेही जादा वेळेत. दोन रात्रींत चार गुण, पण ६० मिनिटांतल्या विजयांच्या रकान्यात भर शून्य. गुण ९१, वॉशिंग्टनचेही ९१. निकष: ३२ विरुद्ध २७. डेट्रॉइट बाहेर. सलग २५ मोसम प्लेऑफ खेळलेल्या या संघाचा २०१६ नंतरचा प्लेऑफविना हा सलग आठवा मोसम ठरला.

बुधवारी पिट्सबर्ग आयलंडर्सकडून हरलं. वॉशिंग्टन पहिल्याच फेरीच्या मालिकेत न्यूयॉर्क रेंजर्सकडून ०-४ असं गारद झालं.

निर्णयाचे क्षण

पहिला निर्णय अर्थातच गोलरक्षकाचा. त्यावर पुढे खूप टीका झाली, पण माझं मत वेगळं आहे. बाकावर त्या क्षणी जे माहीत होतं, त्यावरून निर्णय बरोबर होता. चूक झाली ती माहिती मिळवण्यात. तुमचा निर्णय दुसऱ्या शहरातल्या फलकावर अवलंबून असेल, तर तो फलक तुमच्या डोळ्यांपुढेच हवा.

आणि परिणाम फक्त फिलाडेल्फियावर झाला नाही, ही यातली जड बाजू. समजा गोलरक्षक जाळीतच राहिला असता आणि सामना १-१ असा जादा वेळेत गेला असता. वॉशिंग्टनला एक गुण मिळून ते ९०. पुढे ते हरले असते, तर ९० वरच राहिले असते आणि ९१ गुणांचं डेट्रॉइट आत गेलं असतं. म्हणजे स्वतः आधीच बाहेर पडलेल्या एका संघाच्या मोकळ्या जाळीने तिसऱ्या संघाची जागा ठरली. डेट्रॉइटमधल्या चाहत्यांचा राग मला समजतो. पण त्यात कुणाचा डाव नव्हता. दोन रिंकवरची दोन घड्याळं नीट जुळली नाहीत, एवढंच.

दुसरा निर्णय एका रात्रीचा नाही, सहा महिन्यांचा आहे. मोसमभरात वॉशिंग्टनचे १९ सामने ६० मिनिटांपुढे गेले. त्यांतले ८ जिंकले, ११ हरले. डेट्रॉइटचे २३ गेले. १४ जिंकले, ९ हरले. जादा वेळेत डेट्रॉइट सरस होतं. पण तक्ता जादा वेळेतल्या पराभवाला अर्धी किंमत देतो, म्हणून वॉशिंग्टनच्या त्या ११ पराभवांनी त्यांना ११ गुण दिले. आणि याच तक्त्यात आयलंडर्स कुठे होते? ३९ विजय, ९४ गुण, आपल्या गटात तिसरे, सहज आत. कारण त्यांचे १६ पराभव ६० मिनिटांनंतरचे होते. डेट्रॉइटने ४१ जिंकले, वॉशिंग्टनने ४०, आयलंडर्सनी ३९. आत गेले ते ४० आणि ३९ वाले. गोलांचा फरक बघितला तर डेट्रॉइट +४, वॉशिंग्टन -३७.

हे वाचून डेट्रॉइटवर अन्याय झाला असं वाटेल. मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि तेच ८२ सामने वेगवेगळ्या तराजूंत घालून बघितले.

नुसते विजय मोजले तर डेट्रॉइट ४१, वॉशिंग्टन ४०. डेट्रॉइट आत.

१९४२ ते १९८३ मधल्या रीतीने, म्हणजे ६० मिनिटांची बरोबरी तीच खरी बरोबरी आणि दोघांना एकेक गुण, तर वॉशिंग्टन ८३, डेट्रॉइट ७७. फरक सहाचा.

आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या जागतिक स्पर्धांत २००७ पासून चालणारी, उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सामन्यापासून घेतलेली रीत: ६० मिनिटांतल्या विजयाला तीन, त्यानंतरच्या विजयाला दोन, त्यानंतरच्या पराभवाला एक. इथे प्रत्येक सामन्यातून तीनच गुण निघतात, सामना लांबो वा न लांबो. या तराजूत वॉशिंग्टन १२३, डेट्रॉइट ११८.

म्हणजे डेट्रॉइटला वर नेणारा तराजू एकच, आणि तो म्हणजे शूटआउट आणि ६० मिनिटं यांत काहीच फरक न करणारा. सध्याच्या पद्धतीने दोघांना ९१-९१ असं एका पातळीवर आणून ठेवलं, ते डेट्रॉइटवर मेहेरबानी करून. शेवटच्या निकषाने ती काढून घेतली, एवढंच. हा हिशेब करेपर्यंत मला वाटत होतं की निकषानेच घात केला. तसं नव्हतं.

अर्थात ही आकडेमोड मोसम संपल्यावरची आहे. तराजू वेगळा असता तर संघ खेळलेही वेगळे असते, हे विसरून चालणार नाही. मोसमाच्या मधल्या महिन्यांत दोन वेगळ्या विभागांतले संघ २-२ वर शेवटच्या पाच मिनिटांत आले की खेळ कसा मंदावतो, हे नियमित बघणाऱ्याला माहीत आहे. दोघंही एकमेकांशी एका जागेसाठी भांडत नाहीत, मग ६० वं मिनिट गाठून एकेक गुण खिशात टाकायला कोणाची हरकत असेल? तोच तिसरा गुण जवळच्या प्रतिस्पर्ध्याला गेला की मात्र विषासारखा लागतो. फिलाडेल्फियाला तो नेमका शेवटच्या रात्री, समोरच्याच संघाच्या हातात दिसला.

लीगची बाजू

तिसरा निर्णय लीगचा, आणि तो वर्षानुवर्षं तोच आहे: दोन-एक ठेवायचं, तीनाचं माप आणायचं नाही. त्यामागचं कारण मला पूर्वी पटत नव्हतं. हरणाऱ्याला गुण मिळाले की तक्ता दाट होतो, मागचे संघ मार्चपर्यंत टिकून राहतात, रिंक भरलेली राहते. हे खरं आहे का, ते याच प्रकरणावर ताडून बघू. तीनाच्या मापाने शेवटच्या सामन्याआधी वॉशिंग्टन १२० वर असतं आणि डेट्रॉइट ११६ वर. डेट्रॉइट जिंकून फार तर ११९. म्हणजे मॉन्ट्रियालमधल्या त्या ३.३ सेकंदांना काही अर्थच नसता. डेट्रॉइट बर्फावर उतरण्याआधीच बाहेर असतं. लीग म्हणते ती चुरस खरीच निर्माण होते.

तरी मी तीनाच्या मापाच्या बाजूने आहे. चुरस हवीच, पण ती कशाची, हेही बघायला हवं. २०१४-१५ मध्ये गतविजेते लॉस एंजेलिस ६० मिनिटांनंतरच्या १८ सामन्यांतले फक्त ३ जिंकून ९५ गुणांवर प्लेऑफला मुकले. पाचास पाच खेळात भक्कम असलेला संघ चारास चार (तेव्हा), तिनास तीन (आता) किंवा एकास एक अशा वेगळ्याच खेळात तोलला जातो, आणि त्या खेळाचं वजन मूळ खेळाइतकंच धरलं जातं. २०१० मध्ये फिलाडेल्फिया आणि रेंजर्स मोसमाच्या शेवटच्या दिवशी समान गुणांवर समोरासमोर आले आणि जागा शूटआउटवर ठरली. फिलाडेल्फिया जिंकलं आणि पुढे थेट अंतिम फेरी गाठली. चौदा वर्षांनी तोच संघ बरोबरी टाळण्यासाठी जाळी मोकळी सोडत होता. तक्ता एकाच संघाला एकदा तारतो, एकदा बुडवतो, यात गैर काही नाही. पण ६० मिनिटांतला विजय महाग आणि नंतरचा स्वस्त असा भेद ठेवायचाच असेल, तर तो गुणांतच उघड ठेवावा. निकषांच्या तळटीपेत नव्हे.

एक कबूल करायला हवं. तीनाच्या मापाने फिलाडेल्फियाचा पेच सुटला नसता. तिथेही ६० वं मिनिट बरोबरीत गाठणाऱ्याला एक गुण मिळतोच, म्हणून पाठलाग करणारा संघ तिथेही गोलरक्षक काढेल. उलट तीन गुणांच्या ओढीने जास्तच वेळा काढेल.

जादा वेळेत गोलरक्षक काढायला मात्र या लीगमध्ये वेगळी शिक्षा आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते. मोकळ्या जाळीत गोल खाऊन हरलात, तर पराभवाचा तो एक गुणही जातो. त्याच मोसमात मार्चच्या अखेरीस मिनेसोटाने वेगासविरुद्ध हा धोका पत्करला. त्यांनाही प्लेऑफच्या पाठलागात पूर्ण दोन गुणच हवे होते. गोल मोकळ्या जाळीत गेला आणि हातातला एक गुणही गेला.

वेगळं काय करता आलं असतं

फिलाडेल्फियाच्या बाकाला त्या रात्री एक माणूस कमी पडला, असं मला वाटतं. खेळाडू नव्हे, हातात कागद असलेला, मॉन्ट्रियालचा सामना थेट बघणारा आणि प्रशिक्षकाच्या कानाशी असलेला. सामन्याआधी त्या कागदावर तीन ओळी लिहिता आल्या असत्या: डेट्रॉइट मागे असेल तर तीन मिनिटं उरताना गोलरक्षक काढायचा, डेट्रॉइटचा निकाल अगदी तोंडावर असेल तर तो लागेपर्यंत थांबायचं, डेट्रॉइटने बरोबरी साधली तर काढायचाच नाही, नेहमीसारखं खेळायचं.

थांबण्याची किंमत होती, हे नाकारत नाही. तीन मिनिटांऐवजी दीड-दोन मिनिटं उरताना सहावा खेळाडू उतरला असता, म्हणजे गोलची संधी थोडी घटली असती. पण समोर जे ठरणार होतं, ते होय किंवा नाही असं होतं. बुद्धिबळात घड्याळ पळत असतानाही खेळाडू एका चालीसाठी थांबतो, तसं ते थांबणं होतं.

तिसऱ्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे. आपण बाहेर पडलो हे कळलं की सामना आपल्यासाठी संपतो, पण तक्त्यासाठी संपत नाही. त्या क्षणापासून डेट्रॉइटला एक सरळ खेळलेला सामना देणं लागत होतं. बाकावर हे कळलं असतं तर त्यांनी तो दिला असता, याबद्दल मला शंका नाही.

लीगला करता येण्यासारखं काम त्याहून सोपं आहे. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना दुसऱ्या सामन्याचा निकाल आधीच माहीत होता आणि दोघांनी सोयीचा १-० धरून ठेवला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात. हॉकीत एकाच वेळी सुरू करून भागत नाही, कारण घड्याळ थांबत राहतं आणि दोन रिंक वेगळ्या वेळी ६० व्या मिनिटाला पोचतात. पण शेवटच्या दिवशी, ज्या संघांचं भवितव्य एकमेकांत गुंतलं आहे त्यांच्या बाकांना, कोण अजून शर्यतीत आहे आणि कोण नाही हे लीगच्या कार्यालयातून क्षणाक्षणाला कळवता येईल. वादग्रस्त गोल तपासायला टोरोंटोच्या केंद्रात माणसं बसलेली असतातच आणि तिथून प्रत्येक रिंकला फोन जोडलेला असतो. त्याच फोनवरून हेही सांगता येईल.

मामेभावाने निघताना तक्त्याचा फोटो काढून घेतला. विमानतळावरून त्याने मला विचारलं की वॉशिंग्टनच्या ११ पराभवांपैकी एक जरी ६० मिनिटांच्या आत झाला असता, तर? मी हिशेब करून कळवलं: ९० आणि ९१. डेट्रॉइट आत.